कृषी सल्ला : कडकनाथच्या पिल्लांना पुन्हा पुन्हा रक्ती हगवण

प्रश्न (सांवेर, इंदूर) : कडकनाथची 300 पिल्लं आहेत, महिन्याची. शिटेत रक्त पडतं. औषध दिलं, आठवडाभर बरं होतं; पाऊस लागला आणि पुन्हा तेच. औषध बनावट होतं का?

उत्तर : काका, आधी पाण्याच्या भांड्याजवळचा, शेडमध्ये अंथरलेला तूस मुठीत दाबून बघा. लाडू वळला तर तूस ओला आहे; औषधाला बोल लावू नका.

लक्षणांवरून हा कॉक्सिडिओसिस वाटतो. तो आयमेरिया नावाच्या एकपेशी परजीवीमुळे होतो. हा जंत नव्हे, त्यामुळे जंताच्या औषधाला तो दाद देत नाही. आजारी पिल्लाच्या शिटेतून त्याची कवचबंद अंडी पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात. प्रत्येकात 8 सूक्ष्म जीव तयार होतात. पिल्लू तूस उकरताना ती टिपतं. पोटात कवच फुटतं, जीव आतड्याच्या पेशींत शिरतात, एकाचे अनेक होऊन पेशी फोडतात आणि शेजारच्या पेशी धरतात. चार-पाच दिवसांत रक्त दिसतं. आठवडा भरेपर्यंत हजारो नवी अंडी पुन्हा तुसात. तुमचा ‘आठवडा’ हाच.

औषध आतड्यातल्या परजीवीवर चालतं, तुसातल्या अंड्यांवर नाही. फिनाईललाही ती जुमानत नाहीत. म्हणून ओला तूस रोज, पिकायच्या आत, उचलून शेडपासून लांब टाका. उरलेला रोज खालीवर करा. भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे पाणी सांडणार नाही.

डॉक्टरांनी अँप्रोलियम हे या रोगावरचं औषध दिलं असेल तर तेवढे दिवस बी-कॉम्प्लेक्स बंद, कारण त्यात बी-1 असतं. हे औषध बी-1 जीवनसत्त्वाचं सोंग घेऊन परजीवीला उपाशी मारतं. ‘ताकदीसाठी’ असं टॉनिक पाजणारे परजीवीलाच जेवू घालतात; ही चूक मी फार पाहिली आहे. पिल्लू दगावलं तर लगेच शवविच्छेदन करून घ्या, महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही.

प्रश्न (राऊ) : कोंबड्या रात्री खुराड्यात शिरत नाहीत, अंडी घटली. दिवसा अंगावर काहीच दिसत नाही.

उत्तर : ताई, रात्री टॉर्च घेऊन बघा. लाल माइट, म्हणजे गोचिडासारखे बारीक जीव, दिवसा लाकडाच्या फटीत दडतात, रात्री रक्त पितात. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ जेमतेम आठवड्यात होते. म्हणून डॉक्टरांना विचारून औषध घ्या, कोंबड्या बाहेर काढून ते फटींत फवारा आणि सातव्या दिवशी पुन्हा. नुसतं खुराडं रिकामं ठेवून भागणार नाही, हे महिनोन्‌महिने उपाशी राहतात.