वाचकांचे प्रश्न : मनाच्या दुखण्यावर उपचार कोणाला मिळतात?

प्रश्न : दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावात मी शिक्षिका आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वय सतरा असून वडील खलाशी आहेत. पावसाळ्यातील मासेमारीबंदीत घरात पैसा आला नाही आणि मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी त्याला बारावी सोडून बोटीवर जावे लागले. तेव्हापासून तो कोणाशी बोलत नाही, रात्रभर जागा असतो, वह्या-पुस्तके त्याने बहिणीला देऊन टाकली. परवा आईला म्हणाला, ‘मी नसलो तर एक तोंड कमी होईल.’ घरच्यांना वाटते, बाहेरचे काही लागले आहे. देवऋषी करून झाला. रत्नागिरीच्या इस्पितळाचे नाव काढले की वडील संतापतात, शिवाय पोलिसांचीही धास्ती आहे. त्याच्याच वर्गातील एका सधन घरातल्या मुलाची अशीच अवस्था झाली, तेव्हा त्याला पुण्याला मावशीकडे ठेवून उपचार केले. आज तो कॉलेजात जातो. गरिबांची मुले मनाने कच्ची असतात का? मी काय करावे?

उत्तर : काय करावे, ते आधी सांगते, कारण त्याला उशीर चालणार नाही. ‘एक तोंड कमी होईल’ हे बोलणे आणि जपलेल्या वस्तू देऊन टाकणे, या दोन्ही गोष्टी गंभीर आहेत. त्याला आजच एकांतात गाठा आणि सरळ विचारा, ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही; उलट कोणीतरी विचारले, याने बहुतेकांना हायसे वाटते. तो ‘हो’ म्हणाला, तर उपदेश न करता ऐकून घ्या आणि त्याला एकटे सोडू नका. घरातील गोळ्या आणि कलमांवर फवारायची औषधे काही दिवस शेजाऱ्यांकडे कुलपात ठेवायला आईला सांगा. त्याच्या शेजारी बसूनच १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. तातडीचा धोका वाटला, तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

आता मनाच्या कच्चेपणाविषयी. नैराश्य बंगल्यातही येते आणि कौलारू घरातही येते. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली आणि त्यांतील सुमारे ६४ टक्के लोकांचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपेक्षा कमी होते; राज्यांमध्ये सर्वाधिक २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातले होते. आपल्या दोन विद्यार्थ्यांचे दुखणे एकच असले, तरी एकाला पुण्यात मावशी होती आणि दुसऱ्याच्या डोक्यावर उचल होती.

हे अंतर प्रत्यक्षात कसे पडते, ते पाहा. आपल्या गावातून रत्नागिरी गाठायची, तर पहाटेची एसटी धरावी लागते. बाह्यरुग्ण विभागात नंबर लागून परतेपर्यंत दिवस जातो, सोबत गेलेल्या माणसाची मजुरी बुडते आणि भाड्याचे पैसे वेगळेच. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे पुन्हा जाणे भाग असते, आणि ही दुसरी फेरीच पुष्कळ घरांना झेपत नाही. मग गोळ्या संपतात, पोरात फरक दिसत नाही, आणि ‘डॉक्टरचे औषध लागू पडले नाही’ असे ठरवून घरचे पुन्हा देवऋष्याकडे वळतात. त्यांना अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. देवऋषी वाडीतच असतो आणि लगेच भेटतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले होते, त्यामागे अशाच चुकलेल्या फेऱ्या आणि लोकलाज आहे.

रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे आहे आणि कोकणात त्याचे नाव टोमणा म्हणूनही घेतले जाते, म्हणून वडिलांचा संताप मी समजू शकते. त्यांना एवढेच पटवा की नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना दाखल व्हावे लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक आपल्या भागातील सरकारी रुग्णालयात कोणत्या दिवशी येते, याची चौकशी आशाताईंमार्फत करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क आहेत. पोलिसांची धास्तीही सोडायला सांगा. मदत मागणे हा मुळीच गुन्हा नाही, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ मध्ये म्हटले आहे. देवऋष्याशी भांडत बसू नका. देवाचे देवापाशी राहू द्या, डॉक्टरांचे औषध चुकू देऊ नका.

मुलगा स्वतःला घरावरचा भार समजतो आहे, आणि तो भार पैशाचा आहे. गोळ्यांनी झोप येईल, उचल फिटणार नाही. म्हणून तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, मध्ये घालून उचलीची फेड हंगामभर थोडी थोडी करून घेता येईल का, ते पाहा. १७ नंबरचा अर्ज भरून त्याला बारावीला बाहेरून बसता येईल का, याची चौकशी आपल्याइतकी चांगली दुसरे कोणी करू शकणार नाही.

प्रश्न : ताई, मी रायगड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकते. मी कातकरी आहे. माझ्या बोलण्याला मुली हसतात, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, झोप लागत नाही. समुपदेशक म्हणतात, सकारात्मक राहा. दोष माझ्यात आहे का?

उत्तर : नाही, बाळा. रोजच्या अपमानाने झोप उडणारच, आणि तो अपमान थांबवणे हे महाविद्यालयाचे काम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनुसार भेदभावाची तक्रार ऐकण्यासाठी अधिकारी नेमणे संस्थांना बंधनकारक आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. झोपेसाठी सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना भेट, आणि रात्री फार असह्य झाले, जगणे नकोसे वाटले, तर १४४१६ वर लगेच बोल. कोण, कधी, काय बोलले ते तारखेनिशी लिहून ठेव. शिष्यवृत्तीसाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि अपमानाबद्दल प्राचार्यांकडे असे दोन वेगळे अर्ज कर, दोन्हींची पोच घे; आणि अर्ज द्यायला एकटी जाऊ नकोस, विश्वासातल्या एखाद्या प्राध्यापिकेला सोबत घे.