स्ट्रोक ओळखलाच नाही. रुग्णालयावर दावा लागेल का?

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. सोळा महिन्यांपूर्वी सकाळी चहा पिताना माझ्या वडिलांचा (वय ६१) अचानक तोल गेला, उलट्या झाल्या, बोलणं बोबडं झालं. लगेच जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पित्त आणि मानेचा त्रास सांगून, इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री उजवी बाजू लुळी पडली. दुसऱ्या रुग्णालयात एमआरआयमध्ये स्ट्रोक निघाला. बाबा आजही अंथरुणावर आहेत. पहिलं रुग्णालय कागद देत नाही. भावोजी म्हणतात, पोलिसांत जा. काय करावं?

उत्तर : ताई, भावोजींचा संताप रास्त आहे, पण पोलीस ठाण्याची पायरी आत्ता चढू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू खटल्यातल्या निकालापासून (२००५) डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घेतलं जातं. त्यात महिने जातात. भरपाई मागायची ती ग्राहक आयोगात, आणि तिथे तक्रारीची मुदत २ वर्षं, म्हणजे तुमच्या हातात आठच महिने उरलेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

निदान चुकलं एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. समोर ती लक्षणं असताना साधारण कुवतीच्या डॉक्टरने मेंदूचा स्कॅन सांगितला असता, हे दाखवावं लागेल. नुसती चक्कर आणि उलट्या असत्या तर डॉक्टरांच्या बचावात दम होता. असा स्ट्रोक चांगल्याचांगल्यांना चकवतो. बोबडं बोलणं मात्र दुर्लक्ष करण्यासारखं लक्षण नव्हे. ते तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत याला पुरावा काय? केसपेपरवर नोंद नसेल, तर त्या सकाळी घरच्यांना पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज शोधा. तो फोन विकू नका, रिसेट करू नका.

खरी झुंज वेळेची आहे. स्ट्रोकमध्ये मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. झोपेतून उठतानाच त्रास असता तर घड्याळ आदल्या रात्रीपासून, म्हणजे शेवटचं ठणठणीत पाहिल्यापासून मोजलं असतं. ‘चहा पिताना’ हे तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य आहे. पहिल्या रुग्णालयाच्या बिलाची वेळ, मेडिकलची पावती, यूपीआयचा मेसेज, सगळं जपा. दुसऱ्या रुग्णालयाचा अ‍ॅडमिशनचा कागद नीट वाचा. घाबरलेल्या घरच्यांनी तिथे ‘संध्याकाळपासून त्रास’ असं सांगितलं असेल, तर सामनेवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा, वकील नेमकं त्यावरच बोट ठेवेल. वकिलापासून ते लपवू नका.

कागदांसाठी आजच लेखी अर्ज द्या, ईमेलने आणि स्पीड पोस्टने. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीपासून ७२ तासांत ते द्यायचे असतात, आणि जपायचे ३ वर्षं. नाही दिले तर ती टाळाटाळच आयोगापुढे मांडता येते.

प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये किशन राव खटल्यात म्हटलंय. तुमच्या केसमध्ये मात्र न्यूरोलॉजिस्टचं लेखी मत घ्याच. वेळेत उपचार मिळाले असते तर बाबा कितपत सावरले असते, हे वकील सांगू शकत नाही. डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात, त्यामुळे दोन-तीन दारं ठोठवायची तयारी ठेवा.

तक्रार बाबांच्या नावाने उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होईल. आयोग कोणता (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय), हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर तुम्ही भरलेल्या पैशांवरून ठरतं. ते ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्कही नाही. डॉक्टरांबरोबर रुग्णालयालाही सामनेवाले करा. केअरटेकर आणि फिजिओथेरपीच्या पावत्या आतापासून एका फाइलीत लावा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे वेगळी तक्रार करता येते, पण तिथे डॉक्टरच्या परवान्याचा निर्णय होतो, भरपाई मिळत नाही. ते नंतर पाहू.