वाचकांचे प्रश्न : हीटरला टायमर लावायचाय, पण कुठल्या वायरवर?

प्रश्न : ताई, आम्ही तिघं मित्र नोव्हेंबरअखेर श्रीनगर-कारगिलमार्गे लेहला जातोय. माझ्या डिझेल एसयूव्हीला ५ किलोवॅटचा, डिझेलवर जळणारा प्री-हीटर (इंजिन सुरू करण्याआधीच ते तापवणारा हीटर) बसवून घेतलाय. तो इंजिनच्या कूलंटच्या, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याच्या, पाइपात आहे आणि डॅशबोर्डवरच्या स्विचनं चालू होतो. पहाटे खोलीतूनच तो चालू करता यावा म्हणून लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टचा वाय-फाय रिले (मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्विच) आणला आहे. बॅटरीकडून हीटरला जाणाऱ्या मेन वायरमध्ये हा रिले टाकला की काम होईल, असं आमचा वायरमन म्हणतो. बरोबर आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. मेन वायरमध्ये तो रिले टाकू नका. वायरमनला हे उत्तर वाचून दाखवा, पण टाकू नका.

तुम्ही डॅशबोर्डवरचा स्विच बंद करता तेव्हा हीटर लगेच बंद होत नाही. कान देऊन ऐका. आधी डिझेल सोडणाऱ्या छोट्या पंपाची टकटक थांबते. त्यानंतरही आतला पंखा आणि कूलंट फिरवणारा पंप दोन-तीन मिनिटं चालू राहतात. उरलंसुरलं डिझेल जळून जावं, तापलेली भट्टी निवावी आणि गरम कूलंट एका जागी उकळू नये, म्हणून ही सोय आहे. मेन वायर तोडली की पंखा आणि पंप जागच्या जागी थांबतात आणि सगळी उष्णता आत कोंडते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या परळच्या दुकानात असाच एक हीटर आला होता. त्याच्या मेन वायरमध्ये टायमर टाकलेला होता. मालकाची तक्रार एवढीच की हल्ली पांढरा धूर सोडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पेट घेतो. मी तो टेबलावर उघडला. ग्लो पिनभोवती, म्हणजे विजेनं तापून डिझेल पेटवणाऱ्या कांडीभोवती, अंगठ्याच्या पेराएवढी स्टीलची बारीक जाळी असते. डिझेल तिच्यात मुरतं आणि तिथून वाफ होऊन पेटतं. चांगल्या हीटरमध्ये ती राखाडी आणि मोकळी दिसते. या जाळीवर तव्याच्या कडेला बसते तशी राप चढली होती. टोकदार पात्यानं खरवडली तर पापुद्रे निघाले. मागचा प्लास्टिकचा पंखा उष्णतेनं एका बाजूला मऊ पडून वाकला होता. एका हिवाळ्यात एवढी हानी झाली होती.

आता करायचं काय ते सांगते. बॅटरीची जाड वायर आणि तिचा फ्यूज आहे तसा राहू द्या, तिथे चोवीस तास करंट हवाच. टायमर किंवा रिमोटनं फक्त ‘चालू हो’ आणि ‘आता आवर’ एवढा निरोप द्यायचा. पुष्कळ जुन्या हीटरांना यासाठी वेगळी बारीक वायर असते. तिला १२ व्होल्ट मिळाले की हीटर सुरू, काढले की तो आपल्या क्रमानं थंड होत बंद. तुमचा असा असेल तर आणलेल्या रिलेचा कॉन्टॅक्ट डॅशबोर्डच्या स्विचला समांतर जोडता येईल. पण वायरच्या रंगावर विसंबू नका, मॉडेलप्रमाणे रंग बदलतात. त्याच हीटरचा डायग्राम समोर ठेवा. नव्या हीटरांत कंट्रोलर आणि हीटर एकाच वायरवरून डेटा पाठवतात. तिथे साधा रिले काहीच करू शकत नाही, उलट बोर्ड जाळायचा. अशा हीटरला त्याच कंपनीचा टायमर किंवा रिमोट घ्या. वेबास्टो, एबरस्पेखर या जर्मन कंपन्या वर्षानुवर्षं आपापले टायमर आणि रिमोट देत आल्या आहेत. महाग पडतात, पण इथे पैसे वाचवू नका.

वाय-फायचंही बघा. गाडी उभी असेल तिथे खोलीतलं वाय-फाय पोचेलच असं नाही. शिवाय त्या रिलेचा बोर्ड रात्रंदिवस जागा राहतो. असाच एक बोर्ड मी मोजला तेव्हा ७० मिलिअॅम्पिअर खात होता. म्हणजे दिवसाला दीड-पावणेदोन अॅम्पिअर-तास, दहा दिवसांत सतरा. सुरू होताना ग्लो पिन पहिली एक-दोन मिनिटं ८ ते १० अॅम्पिअर ओढते, आणि उणे अठरा-वीस अंशांत बॅटरीचा इंजिन फिरवण्याचा जोर निम्म्यावर येतो. हे गणित तुमच्या बॅटरीला झेपणार नाही. सिमवर चालणारं उपकरण घेणार असाल तर आपल्याकडचं प्रीपेड सिम काश्मीर-लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं.

मी तुमच्या जागी असते तर साधा रेडिओ रिमोट घेतला असता, ज्याच्यावर हीटर पेटल्याची खूण परत दिसते असा. टायमर हवाच असेल तर एकदाच वाजून गप्प होणारा. रोज पहाटे साडेपाचला आपोआप सुरू होणारा मुळीच नको. गाडी त्या वेळी कुठे उभी असेल हे टायमरला कळत नाही. पेट्रोल पंपावर असेल तर? लेहहून परतल्यावर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत, खालच्या डेकवर असेल तर?

हे मी मुद्दाम लांबवतेय, कारण मला या एका गोष्टीची खरोखर भीती वाटते. स्विच डॅशबोर्डवर असतो तेव्हा हीटर पेटवणारा माणूस गाडीत बसलेला असतो. आजूबाजूला काय आहे ते त्याला दिसतं. रिमोट आला की जाळ एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. हीटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. हॉटेलवाल्यानं थंडी म्हणून गाडी बंद शेडमध्ये लावायला सांगितली आणि शेडला लागून कोणाची खोली असली, तर तुमच्या खिशातल्या बटणानं तिथे झोपलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून गाडी उघड्यावरच लावा. धुराड्याचं तोंड दाराकडे, खिडकीकडे नको आणि बर्फानं बुजलेलं नको. रात्री झोपण्याआधी स्वतः वाकून बघा. खोलीत आणि गाडीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवा. मुंबईत परतलात की हीटरचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये कोणा मुलाच्या हातून बटण दाबलं गेलं तरी काही होणार नाही. महिन्यातून एकदा फ्यूज लावून मोकळ्या मैदानात दहा मिनिटं चालवा, नाहीतर पंप अडकतो.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्यापेक्षा साधारण एक तृतीयांशानं विरळ. मुंबईच्या हिशेबानं डिझेल सोडणारा हीटर तिथे काजळी धरतो आणि विषारी वायूही जास्त सोडतो. तेव्हा उंचीसाठी डिझेल कमी करायची सोय तुमच्या हीटरात आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा. लडाखमध्ये २०१९ पासून इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल मिळतं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. ते टाकीत भरल्यावर हीटर वीस मिनिटं नक्की चालवा. हीटरच्या बारीक नळीत जुनं डिझेल तसंच असतं, आणि आधी गोठतं ते तेच.

हीटर चालू झाल्याबरोबर केबिनचा ब्लोअर लावू नका. कूलंट साधारण ४० अंशांवर जाऊ द्या, नाहीतर गार वाराच येईल आणि बॅटरी उतरेल. जेवढा वेळ हीटर चालवाल, तेवढा वेळ तरी पुढे गाडी चालवा, म्हणजे बॅटरी पुन्हा भरेल. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा.

प्रश्न : माझी मुलगी म्युनिकला असते. तिच्या जुन्या डिझेल गाडीत कंपनीकडूनच डिझेलवरचा हीटर आहे, पण तो गाडी चालू केल्यावरच चालतो. त्याला टायमर बसेल का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : बहुतेक बसेल. डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं, म्हणून केबिन लवकर तापत नाही. त्यासाठी युरोपातल्या पुष्कळ डिझेल गाड्यांत असा पूरक हीटर देतात. बाहेर ५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली थंडी असली आणि इंजिन चालू असलं, तरच तो पेटतो. बऱ्याचदा भट्टी तीच असते. इंजिन बंद असताना कूलंट फिरवणारा विजेवरचा पंप, ब्लोअर चालवणारा रिले, टायमर किंवा रिमोट आणि हीटरच्या कंट्रोल युनिटमधलं कोडिंग, एवढ्याची भर लागते. पंप आधीपासून आहे की नाही ते आधी बघायला सांगा, खर्चातला मोठा फरक तिथेच पडतो.

उभ्या गाडीचं इंजिन नुसतं गरम करायला चालू ठेवणं जर्मनीत नियमाविरुद्ध आहे, त्यामुळे हे काम तिथल्या गॅरेजवाल्यांच्या सवयीचं आहे. तिनं ते तिथल्याच अधिकृत माणसाकडून करून घ्यावं. तुम्ही इथून रिले पाठवू नका. आणि तिची गाडी इमारतीच्या तळघरात उभी राहत असेल, तर टायमर बसवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.