टीव्ही घ्यायला दसऱ्यापर्यंत थांबावं का?

तुमचा प्रश्न असा: घरचा टीव्ही बंद पडलाय, ४३ इंची घ्यायचाय, बजेट तीस हजारांच्या आसपास, वर्षातला चांगला काळ कोणता? आणि शेवटी, "घरचे म्हणतात दसऱ्यालाच घेऊ."

थांबू नका. जून चालू आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा थेट २० ऑक्टोबरला. तोवर बंद टीव्हीसमोर बसून काय करणार?

सेल कधी लागतात ते तुम्हालाही माहीत असणार. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि नवरात्र ते दिवाळी. त्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. "घरचे म्हणतात" एवढं वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरी हा वाद २०११ पासून चालू आहे आणि अजून मिटलेला नाही.

सांगलीच्या गावभागात आमचं घर. जुना २१ इंची डबा होता, त्याची पिक्चर ट्यूब पार थकलेली. उजव्या कोपऱ्यात हिरवा डाग पडला होता, तो पसरत पसरत निम्म्या पडद्यावर आला. त्यात वर्ल्ड कप सुरू झाला. मोहालीत सेमीफायनलला पाकिस्तानला हरवलं तेव्हा कुठे अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही दुकानात. ३२ इंची एलसीडी पसंत केला, अण्णांनी नोटा मोजून दिल्या, बिल झालं, दुकानदारानं खोक्यावर मार्करनं आमचं आडनाव लिहिलं. मी खोकं उचलायला वाकलो तर अण्णा म्हणाले, "राहू दे. सोमवारी नेऊ."

सोमवारी ४ एप्रिल, गुढीपाडवा. फायनल शनिवारी, २ एप्रिलला.

दुकानदारालाच माझी दया आली. "अण्णा, शनिवारी फायनल हाय की ओ. आज घेऊन जावा, पूजा पाडव्याला करा." अण्णा ढिम्म. "अमावास्या तोंडावर आलीय. वस्तू उंबऱ्याच्या आत येणार ती पाडव्यालाच." मी घरी येऊन दादाला पुण्याला फोन लावला, तो तरी समजावेल म्हणून. तर तो म्हणतो, "राहू दे ना, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." दादाच्या घरी दिवाळीतच नवा टीव्ही आला होता, त्यामुळे त्याला हा समजूतदारपणा परवडत होता.

फायनल आम्ही त्या हिरव्या पडद्यावर बघितली. भारत निळ्या कपड्यांत, लंका गडद निळ्या. आमच्याकडे दोन्ही संघ हिरवे. मलिंगा तेवढा केसांवरून ओळखू यायचा. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर पायचीत गेला ते कळलं, कारण गल्लीत एकदम सामसूम झाली. गंभीरनं ९७ केल्या, त्याच्या जर्सीवरचा चिखल सगळ्या देशानं लाइव्ह बघितला आणि आम्ही तो रविवारच्या पेपरात, फोटोत बघितला. धोनीनं कुलसेकराला मारलेला षटकार लाँगऑनच्या दिशेनं उडाला आणि थेट आमच्या डागात शिरला. सिक्स गेली हे समजलं ते शेजारच्या आरोळीवरून. अण्णा म्हणाले, "जिंकलो ना? मग झालं तर."

पुढचं ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे. पाडव्याला सकाळी मुहूर्तावर आणायचा म्हणून गेलो तर दुकानासमोर टेंपोंची रांग. आमचं आडनाव लिहिलेलं खोकं गोडाऊनमध्ये कुठेतरी तळाशी गेलेलं. टीव्ही उंबऱ्याच्या आत आला तो रात्री, जेवणं उरकल्यावर. आईनं खोक्यालाच हळदकुंकू लावलं, वर साखरेची गाठी घातली, आणि खोकं हॉलमध्ये तसंच उभं राहिलं. कंपनीचा माणूस येईपर्यंत उघडायचं नाही, वॉरंटी जाईल, अशी तंबी मिळालेली. पाडव्याला गावभर टीव्ही विकले गेलेले आणि ते बसवणारी माणसं मोजकी. आमचा नंबर लागला तोवर ८ एप्रिलला सुरू झालेलं आयपीएल रंगात आलं होतं आणि गाठीला मुंग्या लागल्या होत्या.

वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून. बिल ३१ मार्चचं! म्हणजे खरेदी अमावास्येच्या आधीच झाली होती की. हे मी अण्णांना अजूनही ऐकवतो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "बिल म्हणजे कागद. टीव्ही पाडव्याचाच."

तो पाडव्याचा टीव्ही २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्यात गेला. घरातल्या बाकी सामानाबरोबर. त्यानंतरचा मी घेतला, मिरजेतून, भर पितृपंधरवड्यात. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण दुकानात अख्ख्या मजल्यावर मी एकटा गिऱ्हाईक. सेल्समननं खुर्ची दिली, चहा मागवला आणि मुख्य म्हणजे रिमोट माझ्या हातात दिला. टीव्ही दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर.

रिमोटचं महत्त्व लोकांना कळत नाही. दुकानातले टीव्ही डेमोवर लावलेले असतात. ब्राइटनेस फुल्ल, पिक्चर मोड 'व्हिविड' नाहीतर 'डायनॅमिक', आणि पडद्यावर पोपट, फुलं, समुद्र. त्यात कुठलाही टीव्ही छानच दिसतो. रिमोट घ्या, मोड 'स्टँडर्ड' करा आणि तुमच्या घरी जे लागतं ते लावायला सांगा. मराठी बातम्या, मालिका, जुना सिनेमा. सेट-टॉप बॉक्सवरचा साधा, एचडी नसलेला चॅनेल मोठ्या ४के पडद्यावर किती फिसकटलेला दिसतो ते तिथेच कळू दे. मॅच असेल तर चेंडूमागे शेपूट दिसते का बघा. आवाज ऐका, पातळ टीव्हींचा आवाज बहुतेक वेळा भिकारच असतो. दसऱ्याच्या गर्दीत हे करायला गेलात तर मागचा माणूस तुम्हाला कोपर मारेल. आणि तिथे गोड बोलून माहिती देणारा मुलगा बऱ्याचदा दुकानाचा नसतो, एखाद्या कंपनीनं उभा केलेला असतो. तो त्याच कंपनीचा टीव्ही तुमच्या गळ्यात मारणार.

जूनमध्ये घेण्याचा आणखी एक फायदा. मोठ्या कंपन्या नवी मॉडेल्स जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात दाखवतात आणि आपल्याकडे ती साधारण उन्हाळ्यात येतात. मग गेल्या वर्षीचा माल दुकानदाराला जागा अडवून बसतो. सरळ विचारा, "मागच्या वर्षीचं मॉडेल शिल्लक आहे का?" तीस हजारांच्या गटात यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या टीव्हीत डोळ्याला दिसेल असा फरक क्वचितच असतो. फक्त खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं ते वाचा आणि शोरूममध्ये दिवसरात्र चालवलेला डिस्प्लेचा पीस घेऊ नका, कितीही स्वस्त दिला तरी.

सणाच्या ऑफर खोट्या असतात असं मी म्हणत नाही. पण बँकेच्या कार्डावरच्या दहा टक्क्यांना कमाल मर्यादा असते, ती बारीक अक्षरात. 'नो कॉस्ट' ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट आधी देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या टीव्हीचा मॉडेल नंबर दुकानातल्या टीव्हीशी जुळवून बघा, शेवटची दोन अक्षरं कधीकधी वेगळी निघतात.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अण्णा हे वाचतील आणि मलाच फोन करतील. गेल्या वर्षी, २०२५ला, पंचांग जिंकलं. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तो २२ सप्टेंबरपासून. बरोब्बर घटस्थापनेला. कराआधी पंचवीस हजारांचा टीव्ही पितृपंधरवड्यात ३२,००० ला, आणि घट बसले त्या दिवशी २९,५००. अण्णांनी त्या दिवशी मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, "मग? काय म्हणतोस?" माझं म्हणणं तेच आहे. ती घोषणा ३ सप्टेंबरला झाली होती, पेपर वाचणारा कुणीही थांबला असता. त्याला मुहूर्त म्हणत नाहीत. आणि तो फायदा आता बारा महिने आहे, त्यासाठी दसऱ्याची गरज नाही.

घरच्यांना कसं पटवायचं? तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. खंडेनवमी-दसऱ्याला आपण वर्षभर वापरलेल्या गाडीला, शिवणयंत्राला हार घालतोच ना? मग टीव्ही आत्ता आणा, झेंडू ऑक्टोबरमध्ये चढवा. हे मी २०११ला सुचवलं होतं. अण्णांनी ऐकलं नाही, दादानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुमचे घरचे कदाचित बरे असतील.

टीव्ही बंद नसता, नुसता जुना झालाय म्हणून बदलायचा असता, तर १५ ऑगस्टच्या सेलची वाट बघा म्हणालो असतो. लाखाच्या वरचा ओएलईडी घ्यायचा असता तर दिवाळीसुद्धा बघा म्हणालो असतो, कारण तिथे दहा टक्के म्हणजे दहा हजार. तुमचं तसं नाही. या आठवड्यात एखाद्या मंगळवार-बुधवारी दुपारी दुकानात जा, रविवारी नको. भिंतीवरचा ब्रॅकेट किमतीत धरलाय का ते आधी विचारा आणि नसेल तर बिल होण्याआधी मागून घ्या. बिल झाल्यावर कुणी देत नाही.