एलियननी पळवलं आणि गर्भ काढून नेला, यावर विश्वास ठेवायचा का?

प्रश्न : ताई, सध्या आमच्या घरात एका विषयावरून रोज वाद चालू आहे. जाऊबाई रात्री मोबाईलवर अमेरिकेतल्या बायकांच्या मुलाखती बघतात. या बायका सांगतात की एलियननी आम्हाला झोपेतून उचलून नेलं, पोटात गर्भ ठेवला आणि दोन-तीन महिन्यांनी परत येऊन तो काढून नेला, डॉक्टरकडे गेलो तर पोटात काहीच नाही. जाऊबाई म्हणतात एकमेकींना न ओळखणाऱ्या एवढ्या बायका सेम टू सेम गोष्ट सांगतायत म्हणजे काहीतरी असणारच, आणि असल्या बाबतीत बाई खोटं कशाला बोलेल? मी म्हणते सगळं थोतांड, पैशासाठी. कोण बरोबर? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या जाऊबाईंचं एक म्हणणं मला पटतं, यातल्या बहुतेक बायका खोटं बोलत नसाव्यात. त्यामुळे तुमचं "पैशासाठी" हे मी बाजूला ठेवते. पण खोटं बोलत नाहीत म्हणून ते घडलंच असेल असं नाही ना, आणि जाऊबाई नेमक्या तिथेच घसरतायत.

आधी ही गोष्ट आली कुठून ते बघा. "गर्भ काढून नेला" हा प्रकार गाजवला न्यूयॉर्कच्या बड हॉपकिन्स यांनी, 1987 च्या त्यांच्या 'इंट्रूडर्स' या पुस्तकातून. त्यात इंडियानातल्या एका तरुणीची कहाणी आहे, टोपणनावानं, की टेस्ट पॉझिटिव्ह आली होती, मग गर्भ नाहीसा झाला आणि पुढे एलियननी तिला एक विरळ केसांची नाजूक मुलगी दाखवली, ही तुझीच म्हणून. आता हे हॉपकिन्स कोण? चित्रकार! डॉक्टर नाहीत, मानसशास्त्रज्ञ नाहीत, आणि लोकांना संमोहनाखाली नेऊन "आठवणी" बाहेर काढायचे. दुसरे डेव्हिड जेकब्स, फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, तेही संमोहनच करायचे. तिसरे जॉन मॅक मात्र हार्वर्डचे खरेखुरे मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांच्यामुळेच या सगळ्याला वजन आलं, पण पद्धत बऱ्याच अंशी तीच.

म्हणजे त्या बायका एकमेकींना ओळखत नसतीलही, पण त्यातल्या कितीतरी जणी याच दोन-तीन माणसांकडे जात होत्या, त्यांची पुस्तकं वाचून जात होत्या, आणि समोरच्याला काय ऐकायचंय ते त्यांना आधीच माहीत होतं, मग गोष्ट सेम निघणार नाही तर काय होणार. शिवाय 1992 मध्ये 'इंट्रूडर्स'वरूनच अमेरिकन टीव्हीवर मालिका आली, म्हणजे घराघरात पोचलं. संमोहनानं आठवण जास्त खरी होत नाही, उलट कल्पना आणि आठवण यांची भेसळ होऊ शकते आणि वर माणसाला खात्री वाटायला लागते, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशननं 1985 मध्येच सांगितलं होतं.

हार्वर्डमध्ये सुझन क्लॅन्सी आणि रिचर्ड मॅकनॅली यांनी अशा लोकांना लॅबमध्ये बोलावून तपासलं, आणि मला या विषयातलं सगळ्यात आवडतं काम हे. एक टेस्ट साधी, शब्दांची यादी द्यायची, समजा साखर, गूळ, पेढा, मध, आणि नंतर विचारायचं यात "गोड" हा शब्द होता का? नव्हता, पण ज्यांना एलियनच्या आठवणी "परत आल्या" होत्या त्यांच्यात "हो होता की" असं म्हणण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं. दुसरी टेस्ट जाऊबाईंना नक्की सांगा. या लोकांनीच सांगितलेला एलियनचा प्रसंग त्यांना पुन्हा ऐकवला तेव्हा हृदयाचे ठोके वाढले, तळहाताला घाम आला, अगदी युद्धातून आलेल्या सैनिकांसारखं. म्हणजे भीती शंभर टक्के खरी, आणि नाटक करणाऱ्याला घाम असा आणता येत नाही. पण घाम फुटला म्हणून यान आलं होतं असं सिद्ध होत नाही, इतकंच.

बऱ्याच कहाण्यांची सुरुवात रात्री जाग येते, हलता येत नाही, खोलीत कोणीतरी उभंय अशी होते. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, मेंदू जागा झालेला आणि शरीर अजून झोपेत. आपल्याकडे आजी म्हणायची भूत छातीवर बसलं, अमेरिकेत एलियन आला.

आता मुख्य मुद्दा, गर्भाचा. एलियननी नेलं, सुई टोचली, यानात फिरवलं, यातलं काहीच तपासता येत नाही. गर्भ मात्र तपासता येतो! रक्तात एचसीजी हे गर्भारपणाचं हार्मोन दिसतं, सोनोग्राफीत गर्भाभोवतीची पिशवी दिसते, सहाव्या-सातव्या आठवड्यात ठोके दिसतात, सगळं तारखेनिशी कागदावर. मग एका सोनोग्राफीत ठोक्यांसकट गर्भ, आणि नंतरच्या सोनोग्राफीत रक्तस्राव नाही, क्युरेटिंग नाही, तरी पोट रिकामं, अशी एक तरी फाईल दाखवा ना. इतक्या वर्षांत स्वतंत्र डॉक्टरांनी तपासून खरी ठरवलेली अशी एकही केस पुढे आलेली नाही. माझ्यासाठी प्रश्न इथेच संपतो.

उलट टेस्ट पॉझिटिव्ह येऊन पुढे काहीच नसणं हे रोजचं आहे. 1988 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापला गेला, 221 बायकांची रोजच्या रोज लघवी तपासली होती, तर जेवढे गर्भ राहिले त्यातले 22 टक्के बाईला कळायच्या आतच गेले, पाळी थोडी उशिरा आली एवढंच वाटलं असेल. कधी पिशवी तयार होते पण आत गर्भच धरत नाही. कधी जुळ्यातलं एक विरून जातं. आणि क्वचित बाईला दिवस गेल्याची सगळी लक्षणं दिसतात, पोटसुद्धा वाढतं, पण गर्भ नसतोच. अशा वेळी डॉक्टर दोन मिनिटांत "होतं असं, पुन्हा ट्राय करा" म्हणून मोकळे होतात, घरचे विषय काढू देत नाहीत, आणि मग कोणीतरी भेटतो जो तासन् तास ऐकून घेतो आणि सांगतो की तुझं बाळ गेलेलं नाही, ते आहे, दुसरीकडे वाढतंय. मला विचाराल तर या गोष्टीची खरी ताकद यात आहे, आणि म्हणूनच मला हॉपकिन्ससारख्यांचा राग येतो, बायकांचा नाही. जाऊबाईंशी बोलताना "थोतांड" हा शब्द जरा जपून वापरा.

प्रश्न : 1961 मध्ये अमेरिकेत बेटी हिल यांनी सांगितलं की एलियननी बेंबीत लांब सुई घालून प्रेग्नन्सी टेस्ट केली. तेव्हा असलं तंत्र पृथ्वीवर नव्हतंच म्हणतात, मग त्यांना कसं सुचलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : होतं की! पोटात छिद्र पाडून दुर्बिणीनं बघणं माणसावर 1910 च्या सुमाराला सुरू झालं, आणि गर्भजल सुईनं काढून तपासणं 1950 च्या दशकात चालू होतं. शिवाय बेटींना हे आधी स्वप्नात दिसलं होतं, ज्या प्रवासात एलियननी नेलं असं त्या सांगत त्यानंतर थोड्याच दिवसांत, आणि संमोहन झालं थेट 1964 मध्ये. ते करणारे बोस्टनचे डॉक्टर बेंजामिन सायमन यांचंच मत होतं की पळवून नेण्याची गोष्ट बेटींच्या स्वप्नांतून आली, आणि ऐकून ऐकून नवऱ्याच्या डोक्यातही बसली. हे शेवटचं मुलाखतींमध्ये कोणी सांगत नाही.

प्रश्न : पण माणूस आणि एलियनचं मूल होऊ शकतं का, थिअरीत तरी? – अकरावी सायन्स, लातूर

उत्तर : घोडा आणि गाढव इतके जवळचे, 64 आणि 62 गुणसूत्रं, तरी त्यांचं खेचर साधारणपणे वांझच. चिंपांझी तर आपला सगळ्यात जवळचा नातेवाईक, त्याच्याशीही माणसाचं मूल झाल्याची एकही खात्रीची नोंद नाही. मग जो जीव वेगळ्याच ग्रहावर शून्यापासून घडला, ज्याच्यात डीएनए तरी असेल का इथपासून शंका, त्याच्याशी कसं जमेल? दुसऱ्या ग्रहावर जीव असू शकतात, तो वेगळा प्रश्न आहे, त्यावर लिहा, पुढच्या अंकात घेते.