खिडक्यांच्या कामाला लागण्याआधी

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तुझी आई परवा भाजी घेताना भेटली. गोदामातली नोकरी सांभाळून रविवारी लोकांच्या खिडक्या साफ करून द्यायचं तुझ्या मनात आहे, असं म्हणाली. सांगताना तिचा चेहरा उतरला होता. मला मात्र ऐकून फार बरं वाटलं. दवाखान्यातली नोकरी करत मी तेरा वर्षं भांडुप-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये हेच काम केलं. धाकट्याची कॉलेजची फी त्यातूनच भरली. फोनवर सांगितलं तर अर्धं विसरशील, म्हणून लिहून पाठवते आहे.

सगळ्यात आधी उंचीचं. तुझे दोन्ही पाय घरातल्या फरशीवर राहिले पाहिजेत. छज्ज्यावर उतरायचं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहायचं नाही. बाहेर आलेल्या ग्रिलमध्ये लोक कुंड्या, जुने डबे, सायकलसुद्धा ठेवतात, म्हणून ते भक्कम आहे असं धरू नकोस. आपल्या खाऱ्या हवेत वेल्डिंगचे सांधे आतून गंजतात आणि वरचा रंग तेवढा शाबूत राहतो. ग्रिल नसलेल्या खिडकीजवळ स्टुलावरही चढू नकोस. बाहेरून दोरावर लटकून काचा धुणारी माणसं वेगळी. त्यांचं प्रशिक्षण वेगळं, पट्टे आणि दोर वेगळे, आणि खाली लक्ष ठेवायला दुसरा माणूस असतो. कोणी म्हणेल, 'मागच्या वेळचा मुलगा पाच मिनिटांत बाहेर जाऊन पुसून आला.' म्हणू दे. 'माझ्या हाताला आतून जेवढं येतं तेवढं मी करतो, बाकीचे पैसे घेत नाही,' एवढं शांतपणे सांगायचं. मी हे पहिल्याच घरात सांगायला शिकले नाही. एकदा छज्ज्यावर उतरले, परत चढताना चप्पल सुटून खाली गेली, आणि ती खाली पडल्याचा आवाज यायला किती वेळ लागला ते मला अजून आठवतं. आईला धीर द्यायचा असेल तर तिला हा नियम सांग, आणि पाळ.

आता कामाचं. लोक तुला काच पुसायला बोलावतील, पण खरी घाण असते ती खालच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे खिडकी सरकते त्या खाचेत. मुंबईत बहुतेक घरांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत, दोन किंवा तीन ट्रॅकच्या, तीन असले तर त्यातला एक बहुधा डासांच्या जाळीचा. जवळपास कुठेतरी जुनी इमारत पाडून टॉवर उठत असतोच. त्याची सिमेंटची धूळ, रस्त्याची काजळी, मेलेले डास, कबुतराची पिसं असं सगळं ट्रॅकमध्ये साचतं आणि पाऊस लागला की त्याचा घट्ट चिखल होतो. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला तळाशी बारीक चिरा किंवा भोकं असतात. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून ती ठेवलेली असतात, आणि बहुतेक घरांत कोणाला ती माहीतही नसतात. ती बुजली की जुलैच्या झडीत ट्रॅक भरून वाहतो, पाणी भिंतीवरून गादीपर्यंत येतं, आणि घरातले म्हणतात खिडकी खराब झाली, बदला. मी किती घरांत नुसती तार घालून ती भोकं मोकळी केली आहेत! आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने माती सैल करायची, मग उचलायची. आधीच पाणी ओतलंस तर चिखल भोकात जाऊन बसेल. शेवटी वाटीभर पाणी सोडून बघायचं. ते बाहेर निघून गेलं पाहिजे. घरातल्या माणसाला बोलावून दाखव. काच दोन आठवड्यांत पुन्हा धुरकट होईल, पण त्या पावसाळ्यात गादी कोरडी राहिली तर ते घर पुढच्या मे महिन्यात स्वतःहून फोन करेल.

आणि वाटीभर पाणी सोडण्याआधी खाली बघ. खालच्या मजल्यावर कपडे वाळत घातलेले असतात. मुलुंडला एका शनिवारी माझ्या बादलीतलं काळं पाणी खालच्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर पडलं. त्या बाईंनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, ज्यांनी मला कामाला बोलावलं होतं त्यांच्याशी मात्र त्यांचं बोलणं वर्षभर बंद होतं. तेव्हापासून मी काम सुरू करण्याआधी एक मजला खाली जाऊन बेल वाजवायची आणि सांगायची, 'तासभर कपडे आत घ्याल का?' त्यातून मला खालच्या घरचं कामही बऱ्याचदा मिळालं.

सामान फार लागत नाही. काचेचा वायपर घे, दहा किंवा बारा इंची, हार्डवेअरच्या दुकानातला साधा चालेल, पण त्याचं रबर बदलता येतं ना ते बघून घे. रबराची धार गेली की काचेवर रेघा उमटतात आणि माणूस साबणाला दोष देत बसतो. काच ओली करायला कापडी खोळ चढवलेला दांडा, चार-पाच मायक्रोफायबरची फडकी, रंगाचा ब्रश, जुने टूथब्रश, वाकवता येणारी तार, मास्क, रबरी हातमोजे. सगळं बादलीतच मावलं पाहिजे, कारण रविवारीही लोकलमध्ये बादलीशिवाय दुसरं काही धरायला हात उरत नाही. अर्ध्या बादलीला भांड्यांच्या लिक्विडचा अर्धा चमचा पुरतो. जास्त साबण म्हणजे जास्त डाग.

पाणी मागताना स्वयंपाकघरातल्या नळाचंच माग. महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतून येतं, ते मऊ असतं. बऱ्याच सोसायट्यांत फ्लशला बोअरचं पाणी असतं, कधी टँकरचं येतं. ते जड असलं, म्हणजे त्यात क्षार जास्त असले, तर वाळल्यावर काचेवर पांढरे ठिपके सोडतं. असे जुने ठिपके असतील तर व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून फडकं थोडा वेळ काचेवर धरून ठेव. पण खालचा कट्टा आधी प्लॅस्टिकने झाक. आपल्याकडे कट्ट्याला संगमरवर किंवा कडप्पा असतो, आणि आंबट काहीही सांडलं की दोन्ही दगड खाल्ले जातात, चकाकी जाते ती नुसतं पुसून परत येत नाही. म्हणून संडास धुवायचं ॲसिड कोणी हातात दिलं तरी खिडकीजवळ न्यायचं नाही. ॲल्युमिनियमही त्याने काळं पडतं.

हात असा बसव. काच ओली करून चोळ, मग वरच्या कडेला फडक्याने बोटभर पट्टी कोरडी कर, तिथून वायपर लाव. प्रत्येक ओढीनंतर रबर पूस, आणि पुढची ओढ आधीच्या ओढीवर थोडी चढली पाहिजे. शेवटी कडा फडक्याने. उन्हात तापलेल्या काचेवर हे काम करूच नकोस, साबण हाताखाली वाळतो. पूर्वेच्या खिडक्या दुपारनंतर घे, पश्चिमेच्या सकाळी. घरोघरी रद्दी पेपरने काच पुसतात त्यात चूक काही नाही, फक्त पांढऱ्या चौकटीला शाई लागते. काचेवर रंगाचे शिंतोडे असतील तर ब्लेडने खरवडायचा मोह होतो. घरमालकाला विचारल्याशिवाय नको, काचेवर फिल्म लावलेली असली तर नकोच.

पल्ला, म्हणजे खिडकीचा सरकणारा काचेचा भाग, काढावा लागतो तेव्हा घाई करू नकोस. वर उचलायचा, खालची बाजू आत घ्यायची, आणि घरातल्या कोणाला तरी दुसरी बाजू धरायला सांगायचं. बाहेर ग्रिल नसेल तर पल्ला काढायचाच नाही. हातून सुटला तर तो खाली रस्त्यावर जाईल. काढलेल्या प्रत्येक पल्ल्यावर कागदी चिकटपट्टी लावून आकडा लिही, आतला कोणता, बाहेरचा कोणता. मी एकदा अदलाबदल केली आणि कडी लागेना. रात्री नऊपर्यंत त्या घरात बसले होते.

कबुतरांची घाण कोरडी असताना कधीही झाडू नकोस. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद पेटला ते तू पाहिलंस. कोणाची बाजू बरोबर हे मी इथे लिहीत नाही, पण दवाखान्यात मी छातीचे रुग्ण पाहिले आहेत, ती धूळ फुप्फुसाला त्रास देते हे खरं. आधी पाणी शिंपडून पूर्ण भिजव, मास्क लाव, मग कागदाने उचल. घरट्यात अंडी असतील तर ती खिडकी सोडून दे आणि तसं सांग.

पैशाचं बोलायला लाजू नकोस. आधी आपल्या घरच्या आणि आत्याच्या घरच्या खिडक्या घड्याळ लावून कर. ट्रॅक आणि जाळीसकट एका मोठ्या खिडकीला नवख्याला पाऊण तास सहज लागतो. तेवढ्या वेळाचे किती हवेत ते ठरव आणि दर खिडकीवर सांग, घरावर नको. 'टू बीएचके'त कुठे पाच खिडक्या असतात, कुठे नऊ, शिवाय बाथरूमच्या काचपट्ट्या वेगळ्या. एकेक पट्टी दोन्हीकडून पुसायची म्हणजे छोटी खिडकी मोठीएवढाच वेळ खाते. एका फेरीचे कमीत कमी किती, तेही आधीच सांग, नाहीतर एका खिडकीसाठी मुलुंडला जाऊन येशील. काम सुरू करण्याआधी तडे, फुटकी कडी, फाटकी जाळी यांचे फोटो घरमालकासमोर काढ.

घटस्थापनेच्या आधीपासून दिवाळीपर्यंत फोन थांबणार नाहीत. त्या दिवसांत रविवारी दोन घरांच्या वर हो म्हणू नकोस. दमलेल्या हातातून पल्ला सुटतो. मे महिना लोकांच्या ध्यानात नसतो, तेव्हा तूच फोन करून ट्रॅकची आठवण कर. पावसाचे चार महिने काम जवळजवळ नाही, त्या भरवशावर हप्त्यावर काही घेऊ नकोस.

अजून एक, आणि हे माझ्या मनाच्या फार जवळचं आहे. ज्या घरात जाशील तिथे बहुधा कामाला एक ताई येत असतील. त्यांच्या समोर 'खिडक्या किती घाण ठेवल्यात' असं तोंडातून काढू नकोस. तासाभरात केर, फरशी, भांडी, सगळं उरकायचं असतं त्यांना, ट्रॅक उकरायला वेळ कुठून आणणार? त्यांनाच विचार, कोणता पल्ला अडकतो, कोणती कडी सैल आहे. घरमालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. मला पहिली तीन घरं अशाच एका ताईंनी मिळवून दिली.

गेटवर वॉचमनकडे नाव नोंदव, आधारचा फोटो मोबाइलमध्ये ठेव. दुपारी दोन ते चार बऱ्याच सोसायट्यांत काम चालत नाही, ते आधी विचार. देवघराजवळची खिडकी असेल तर घरातल्या माणसाला देव हलवायला सांग, आपण हात लावायचा नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे ये. माझा वायपर अजून चांगला आहे, तो घेऊन जा, येताना फक्त त्याचं बारा इंची रबर आण. मागच्या खोलीची खिडकी आपण दोघं मिळून काढू. तिचा पल्ला जड आहे, शिकायला बरा.

तुझी,
मावशी