इंजिनिअरिंगला ५४ टक्के आणि एक वायडी (इयर डाउन, म्हणजे नापास झाल्याने वाया गेलेलं वर्ष) असताना पुण्यात चांगलं एमबीए मिळेल का?

मिळेल. आधी पात्रता बघा: कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा), स्नॅप (सिंबायोसिसची) आणि महाराष्ट्राची एमबीए सीईटी, तिन्हींना खुल्या गटासाठी पदवीला ५० टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ४५ (कोणते प्रवर्ग ते त्या त्या परीक्षेच्या माहितीपत्रकात बघा). तुम्ही त्यात बसता.

खरा फरक पुढे पडतो. आयआयएम अहमदाबादसारख्या ठिकाणी दहावी, बारावी आणि पदवीचे गुण निवडीत मोजले जातात, तिथे तुमचं नुकसान होणारच. सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांत मात्र गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. मुंबईची जमनालाल बजाज संस्था आणि पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग पुम्बा, दोन्ही याच वाटेने मिळतात. म्हणून माझं स्पष्ट मत: तुमची सगळ्यात जास्त मेहनत सीईटीला द्या.

सिंबायोसिसला स्नॅपनंतर मुलाखत असते, आणि वायडीचा प्रश्न येतोच. माझंही तिसऱ्या वर्षाला वायडी झालं होतं. पहिल्या मुलाखतीत मी आजारपण, कॉलेज, पेपर तपासणी असं सगळं सांगत बसलो आणि तिथेच घसरलो. पुढच्या वेळी दोन वाक्यांत सांगितलं: अभ्यास केला नव्हता, त्या वर्षात काय केलं ते हे. मग त्यांनी मशीन डिझाइनवर विचारलं, आणि ते मला येत होतं. पदवीचे दोन विषय पक्के करून जा, कमी गुणवाल्याला हमखास तिथेच तपासतात.

नोकरी असेल तर घाईने सोडू नका. दोन-तीन वर्षांचं खरं काम असलं की बोलणं मार्कशीटवरून कामाकडे वळतं.